कर्ज काढून टेम्पो घ्यावा आणि कुरिअरला लावावा का?

भोसरीची ताई
धाकटा भाऊ चाकणला कंत्राटी कामगार आहे. नोकरी सोडून छोटा हत्ती घेतो म्हणतोय, एका कुरिअर कंपनीच्या पार्सल वाटपाला लावायला. डाउन पेमेंटसाठी आईच्या पाटल्या गहाण ठेवायचं घरात चाललंय. काल त्याला समोर बसवून वही काढली. ६ लाख कर्ज, १२ टक्के, ५ वर्षं: हप्ता साधारण १३,३५०. इंधन रोजचं ४०० धरलं तर २६ दिवसांचे १०,४००. विमा, टायर, सर्व्हिसिंग महिन्याला ४,०००. एकूण २७,७५०. पार्सलमागे १५ रुपये, रोज १०० पार्सलं गेली तर ३९,००० येतात, हातात ११,२५० उरतात. पण रोज ७०च मिळाली तर येतात २७,३००. म्हणजे महिनाभर राबून खिशातले ४५० घालायचे! १०० पार्सलं रोज मिळतील असं करारात कुठेच लिहिलेलं नाही. हप्ता मात्र ठरलेला आहे. माझा या बेताला साफ विरोध आहे.

दोन गाड्यांचा मालक
ताई, तुमचा हिशोब बरोबर आहे, पण तो नव्या गाडीचा आहे. मी पहिली गाडी जुनी घेतली, रोख २ लाख २० हजारांना. हप्ताच नाही, त्यामुळे मंदीचा महिना निघून जातो. दुपारी ३ला पार्सलं संपली की भाजीची, घरसामानाची भाडी मारतो. आणि कंत्राटी नोकरीत तरी उद्याची खात्री कुठे आहे? तिथे १० वर्षं घासूनही स्वतःचं काही होत नाही. इथे गाडी तरी आपल्या नावावर राहते. भावाला अडवू नका, फक्त कर्ज कमी करा.

पूर्वी पार्सल वाटायचो
दादा, बाहेरची भाडी मारायला प्रत्येक करार मोकळीक देत नाही. माझ्या करारात गाडी दिवसभर त्यांच्याच कामाला बांधलेली होती. ताईंच्या वहीत आणखी दोन गोष्टी हव्यात. एक, आरटीओ. इथे आरटीओ म्हणजे परिवहन कार्यालय नव्हे, गिऱ्हाइकाने न घेतल्यामुळे परत जाणारं पार्सल. चार जिने चढून दार बंद मिळालं की त्या खेपेचे मला शून्य मिळायचे. दुसरी, कपात. हरवलेलं पार्सल, कॅश ऑन डिलिव्हरीच्या रकमेतली तूट, सगळं बिलातून वजा. एका महिन्यात माझे ६,२०० असे गेले, आणि कारण विचारायला समोर माणूसच नव्हता, नुसतं ॲप. मी गाडी विकली तेव्हा आलेल्या पैशांत कर्ज पूर्ण फिटलं नाही, ४० हजार अंगावर राहिले. अजून फेडतोय.

न्यू जर्सीहून
हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेतल्या फेडेक्स ग्राउंड या पार्सल कंपनीचे ड्रायव्हर ट्रक, गणवेश, स्कॅनर यांचा खर्च स्वतः करायचे आणि कागदावर 'स्वतंत्र कंत्राटदार' असायचे. २०१४मध्ये अपील न्यायालयाने कॅलिफोर्नियातल्या ड्रायव्हरांना कर्मचारी ठरवलं, आणि पुढच्या वर्षी कंपनीने २२.८ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. २०२२मध्ये त्यांच्या सर्वांत मोठ्या कंत्राटदारांपैकी एकाने इंधन आणि मजुरी वाढल्याने कंत्राटदार बुडताहेत असं जाहीरपणे सांगितलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने त्याचं कंत्राट संपवलं. एवढ्या मोठ्या कंत्राटदाराची ही गत, तर एका टेम्पोवाल्याचं कोण ऐकणार?

दोन गाड्यांचा मालक
कपात मीही सोसली आहे, ते नाकारत नाही. पण आपल्या बाजूनेही कायदा आहे आणि लोक तो वापरत नाहीत. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान-मध्यम धंद्याची सरकारी नोंदणी, मोफत होते. ती केलेली असेल तर २००६च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्यानुसार बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज. माझं दोन महिने थकलेलं बिल हे पत्रात लिहिल्यावर आठ दिवसांत निघालं.

पूर्वी पार्सल वाटायचो
आणि त्यानंतर तुमचा रूट तोच राहिला?

दोन गाड्यांचा मालक
नाही. लांबचा दिला. दोन गाड्या होत्या म्हणून तग धरला, हे खरं आहे.

भोसरीची ताई
दादा, हे खरं सांगितलंत त्याबद्दल आभार. भावाला दोघांचं वाचून दाखवलं. जुन्या गाडीचं त्याला पटलं, आरटीओचं ऐकून गप्प झाला. आता ठरलंय ते असं: नोकरी लगेच सोडायची नाही. रात्रपाळी मागून घ्यायची आणि एक महिना ओळखीच्या गाडीवाल्यासोबत हेल्पर म्हणून सकाळी जायचं. किती पार्सलं निघाली, किती परत आली, बिलातून किती कापलं, रोज वहीत लिहायचं. पिवळ्या पाटीच्या, म्हणजे धंद्याच्या गाडीचा विमा काय पडतो तेही मी एजंटकडून लिहून घेणार आहे, कारण पांढऱ्या पाटीच्या गाडीने धंदा करून अपघात झाला तर विमा कंपनी दावा अडवू शकते. पाटल्या सध्या आईच्या हातातच आहेत.