मदत हवी आहे: अंधारातल्या पेशीही मरताहेत

मेथिलीन ब्लू हा उजेडाने सक्रिय होणारा निळा रंग घालून हेला पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवतात त्या मानवी कर्करोगाच्या पेशी) प्रयोग करतेय. ६६० नॅनोमीटरच्या लाल एलईडीखाली पेशी मरतात, ते अपेक्षितच; सिंग्लेट ऑक्सिजन, म्हणजे पेशींना मारणारा अतिक्रियाशील ऑक्सिजन, तयार होतो. पण फॉइलमध्ये गुंडाळलेल्या कंट्रोल (तुलनेसाठी अंधारात ठेवलेल्या) प्लेटमधल्या पेशीही गोल होऊन तळापासून सुटताहेत! रंग घालताना हूडचा (निर्जंतुक काम करायच्या कपाटाचा) दिवा चालू होता. तेवढा उजेड पुरतो का? की माझी १० मायक्रोमोलरची मात्राच अंधारात विषारी ठरतेय? सोडियम अझाइड घालून सिंग्लेट ऑक्सिजन शोषून पाहिला असता, पण अझाइड पेशींचं श्वसनच रोखतं, म्हणून धास्ती वाटते. एमटीटीच्या (किती पेशी जिवंत आहेत ते रंगावरून मोजणाऱ्या चाचणीच्या) आकड्यांवरही भरवसा नाही, निळा रंग त्यात लुडबुडतो. अंधारातला कंट्रोल तुम्ही नेमका कसा ठेवता? जरा सविस्तर सांगाल का? तीनदा तेच झालंय, फार अडकलेय.