मदत हवी आहे: उन्हाळी सुट्टीत गावातल्या चिल्ल्यापिल्ल्यांसाठी काय घेता येईल?

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातली. मे महिन्यात मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात रोज सकाळी आठ ते दहा लहान मुलांना जमवायचं ठरवलंय. दहानंतर ऊन सोसवत नाही. चार ते आठ वयाची पंचवीसेक मुलं येतील. त्यातली निम्मी आईबापांसोबत ऊसतोडीला गेलेली, नुकतीच कारखान्यावरून परतली आहेत. ती दाराशी उभी राहतात, आत या म्हटलं की आईचा पदर धरतात. बाकीच्या पोरांशी त्यांची गट्टी कशी जमवावी, हीच मोठी काळजी आहे. अभ्यासाचं नंतर बघू.

चिंचोके आहेत, त्यावर मोजणी आणि पटापट बेरीज होते. लगोरी, सागरगोटेही आहेत. स्टोरीवीव्हर नावाच्या वेबसाइटवरच्या मराठी गोष्टी फुकट मिळतात, त्या मोबाईलवरून वाचून दाखवते. पण पंचवीस जणांना एका मोबाईलवर चित्रं दिसणार कशी?

कुणी असं शिबिर घेतलंय का? बुजऱ्या मुलांना बोलतं करणारे खेळ सांगा, बिनखर्चाचे. आणि दोन-तीन वर्षांची धाकटी भावंडं कडेवर घेऊन येणाऱ्या मुलींना परत पाठवायचं नाहीये, त्यांच्यासाठीही काही सुचवा.