नदीसारखा टँक करायचाय, फिल्टर कोणता आणि कसा लावू?

ओढ्याकाठचा
नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचा. माशांसाठी 4 फुटी टँक करून आणलाय, रुंदी-उंची दीड-दीड फूट, दगडवाळू टाकून 200 लिटरच्या आसपास पाणी बसंल. लहानपणी कासारी नदीत पोहायला जायचो तेव्हा खडकाला चिकटलेले मळ्या मासे बघत बसायचो, तेच घरात बघायचंय, म्हणजे मळ्या, थोडे डॅनिओ, तळाला लोच, आणि पाणी एका बाजूनं दुसरीकडं वाहताना दिसलं पाहिजे. दुकानदार म्हणतोय ताशी 1000 लिटरचा कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) घे, बास होतंय. खरंच होईल का? आणि उन्हाळ्यात आमच्याकडं लाइट सारखी जाते, त्याचं काय करू?

मत्स्यवेडा
पाणी स्वच्छ राहील, पण नदी नाही होणार. ताशी 1000 म्हणजे तुझ्या टँकचं पाणी तासाला पाचदा फिरणार, तेही डबा नवीन असताना. ओढ्यातल्या माशांना 10 ते 15 पट लागतं.

दगडगोटे
भावा, कॅनिस्टरचे पैसे वाचव आणि मॅनिफोल्ड कर, म्हणजे तळाला पाइपांची जोडणी. हार्डवेअरच्या दुकानातून पाऊण इंची पीव्हीसी पाइप, एल्बो, टी आण. पाइप तळाला लांबीत टाकायचे, एका टोकाला उभे करून त्यांच्यावर ताशी 1500 लिटरचे दोन पॉवरहेड (पाण्यात बुडवून ठेवायचे छोटे पंप), आणि समोरच्या टोकाला पाइपच्या तोंडांवर जाड भोकांचे मोठे स्पंज. पॉवरहेड स्पंजातून पाणी ओढतो, ते गोट्यांखालून पाइपातनं येतं आणि वरून परत स्पंजाकडं सुटतं, म्हणजे वरचं सगळं पाणी एकाच दिशेनं वाहतं. स्पंजातच जिवाणू वसतात, तोच तुझा फिल्टर. बारीक स्पंज घेऊ नको, आठवड्यात तुंबतो आणि प्रवाह मरतो. जॉइंटला सोल्युशन लावू नको, नुसते दाबून बसव, पुढं खोलता येतं. स्पंज एका वेळी एकच धुवायचा, टँकमधून काढलेल्या पाण्यात, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं जिवाणू मरतात. आणि मोठे दगड मध्ये आडवे टाकच, मासा दिवसभर प्रवाहाशी झुंजत नसतो, दगडामागं दम खातो. मासे मात्र सायकल झाल्यावरच, म्हणजे घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू स्पंजात वसल्यावर, 4 ते 6 आठवडे धर, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की.

सह्याद्रीची_लेक
दादा, लाइटचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात पण माझ्या मते तोच पहिला आहे. माझा असाच टँक होता, मे महिन्यात रात्री 6 तास लाइट नव्हती, सकाळी 7 डॅनिओ गेलेले, अजून ते डोळ्यासमोरून जात नाही. 20 अंशाच्या पाण्यात लिटरमागे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशाला साडेसातच, आणि हे मासे वाहत्या पाण्यात वाढलेले. त्यात कॅनिस्टर असला की बंद डब्यातला ऑक्सिजन संपून जिवाणू मरायला लागतात आणि लाइट आल्यावर ते सडकं पाणी टँकमध्ये येतं. तेव्हा एक पॉवरहेड घरच्या इन्व्हर्टरवर घ्या, शिवाय बॅटरीचा एअरपंप ठेवा. उन्हाळ्यात पाण्यावर छोटा पंखा लावा, 2-3 अंश उतरतात, फक्त रोज पाणी वाढवावं लागतं.

ओढ्याकाठचा
ताई, वाईट वाटलं वाचून. इन्व्हर्टर आहे घरात, पॉइंट काढून घेतो. मॅनिफोल्डच करतो. डेनिसन बार्ब मासे घातले तर चालतील का यात?

सह्याद्रीची_लेक
प्रवाह त्यांना आवडेल, पण ते 5-6 इंची होतात आणि झुंडीनं राहतात, 4 फुटात अवघडतील. शिवाय ते केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांचे, टँकसाठी पकडून पकडून धोक्यात आलेत. घ्यायचेच तर पैदास केलेलेच आहेत ना ते विचारून घ्या. तुमच्या कासारीचाच टँक करा की.

दगडगोटे
हो, आणि मळ्या सोडायच्या आधी महिनाभर टँकवरचा दिवा जरा जास्त वेळ चालू ठेव, गोट्यांवर शेवाळ धरू दे, तेच खरवडून खातात ते. पुढची काच तेवढी पुसत जा.