तान्ह्या पोळ्याच्या झडत्या पोरांनी स्वतः रचायच्या. कुणी केलंय का असं?

बेसा_रोडची:
नमस्कार मंडळी. थोडं लांब झालंय, पण वाचा.

आमची नागपुरात बेसा रोडवर फ्लॅट स्कीम आहे. तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा लाकडी बैलांचा पोळा, दरवर्षी होतो आणि दरवर्षी मला त्याचा वैताग येतो. साउंडवाला येतो, सिनेमाची गाणी लागतात, सूत्रसंचालनाला बाहेरची मुलगी बोलावतात. लाकडी बैलांची सजावट आईबाप रात्री जागून करतात, नाहीतर सरळ महालच्या बाजारातून सजवलेलाच आणतात. पोरगं नुसतं दोरी धरून उभं. मग उत्कृष्ट सजावटीचं बक्षीस, ज्यांना मिळालं नाही त्यांचे रुसवे, पावभाजी, आणि जो तो आपापल्या घरी. मागच्या वर्षी पहिल्या आलेल्या बैलाच्या डोळ्यांत एलईडी होते. छान दिसत होता, नाही म्हणत नाही. त्याच्या सहा वर्षांच्या मालकाला मी विचारलं, बैलाचं नाव काय रे? तो आईच्या तोंडाकडे पाहायला लागला.

यंदा मी मीटिंगमध्ये म्हटलं, सजावटीचं बक्षीस बंद करा. पोरांनी झडत्या, म्हणजे पोळ्यातली ती यमकाची कवनं, म्हणायच्या, आणि त्याही पाठ केलेल्या नाहीत, स्वतः रचलेल्या. आधीचे काही दिवस संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये मी त्यांना घेऊन बसते. मी घरी शिवणकाम करते, ब्लाउज, फॉल-पिको. कविताबिविता मला येत नाही. पण आजोळ सावनेरकडचं, आजोबांच्या तोंडून झडत्या ऐकलेल्या आहेत, आणि "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव" हे मी झोपेतसुद्धा म्हणेन.

कमिटीचं म्हणणं असं की निम्मी घरं मराठी नाहीत आणि उरलेल्यांची पोरं सीबीएसईत, त्यांना मराठी धड वाचता येत नाही. हे झालं वरवरचं. खरं कारण वेगळंच. झडतीत टोमणे असतात, पोट्टे कुणाला काय म्हणतील याचा नेम नाही! सेक्रेटरी भाऊंनी ग्रुपवर टाकलं, "दुसऱ्या रघूजी राजे भोसल्यांनी १८०६ साली सुरू केलेल्या परंपरेला गालबोट नको." इतिहास तेच सांगतात जो नागपुरात सगळे सांगतात. पण मला सांगा, पोळ्यात टोमणे कधी नव्हते?

तर विचारायचं हे, की कुणी केलंय का? लहान पोरांकडून रचून घ्यायचं कसं? आणि याला खरंच काही अर्थ आहे की ही माझी एकटीची हौस आहे, तेही स्पष्ट सांगा. नवऱ्याच्या मते हौस.

धरमपेठ_ते_धंतोली:
ताई, हेतू चांगला आहे. पण काय होईल सांगू? पोट्टे मोबाइलला विचारतील, तो एका मिनिटात दहा झडत्या काढून देईल. बक्षीस ठेवलं तर आईबाप रचून देतील. सजावटीचं जे झालं तेच झडतीचं होईल. निदान बक्षीस तरी ठेवू नका.

बेसा_रोडची:
बक्षीस नाहीच. सगळ्यांना सारखा बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, हे ठरलंय. आणि रचायचं तिथेच बसून, मोबाइल टोपलीत. गृहपाठ दिला की तो आई करते, हे मला माझ्याच घरात माहीत आहे.

नरखेड_पॅसेंजर:
मी नरखेड तालुक्यातला, आता हुडकेश्वरले राहून राहिलो. आमच्या गावच्या पोळ्यात झडती म्हणायचा मान मोठेबाबाचा. म्हणून थोडं लिहितो, राग मानू नका.

झडती येते कुठून ते पहिले पाहा. आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकते, त्याले सांगते, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." पोळ्याच्या दिवशी आखरावर, म्हणजे गावाजवळच्या मोकळ्या जागेत, तोरण बांधते. बैलं धुऊन, शिंगं रंगवून, झूल-घुंगरमाळ घालून त्याच्याखाली ओळीनं उभे राहतात. मानाचा बैल येत नाही तोवर तोरण तुटत नाही, पोळा फुटत नाही. आणि मानाचा बैल कधीच वेळेवर येत नाही. तेवढा वेळ एवढे लोक करतील काय? वाजंत्री वाजते. ती दम घ्यायले थांबली की इकडून एक जण झडती टाकते, तिकडून दुसरा उत्तर देते. म्हणजे झडती त्या खोळंब्यातून निघते. तुमच्या कार्यक्रमात मिनिटामिनिटाचं वेळापत्रक असन अन् मधल्या जागेत साउंडवाला गाणे वाजवत असन, तं झडती निघणार कुठून? पहिले रिकामा वेळ ठेवा.

मोठेबाबा शाळेत गेलेच नाहीत. दुसऱ्याच्या वावरात सालदार होते. वर्षभर "हो मालक, नाही मालक." पण पोळ्याच्या दिवशी त्याच मालकाच्या समोर उभे राहून म्हणायचे:

कापूस झाला पांढरा, भाव झाला काळा,
व्यापाऱ्याच्या गळ्यात पाहा सोन्याच्या माळा,
बैल म्हणे मालका, कसा करतं पोळा?
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

शेवटची ओळ अख्खं गाव म्हणे. मालकही म्हणे, कारण महादेवाचं नाव आलं, गप्प कसा राहीन? दुसऱ्या दिवशी मजुरी वाढली असं काही नाही. पण गावानं ऐकलेलं असे, अन् मालकालेही माहीत असे की गावानं ऐकलं. मोठेबाबा पुढचे महिनाभर वेगळेच चालायचे. बाजारात लोक थांबवून म्हणत, म्हणा बरं ते काळ्या भावाचं. मोठीआई मात्र डोक्यावर हात मारे, म्हणे काम जाईन कधीतरी याच्या तोंडापायी. गेलं नाही.

आता पोट्ट्यायचं. "पर्यावरणावर झडती करा" म्हणाल तं निबंध येईन, झाडे लावा झाडे जगवा. त्यायले विचारा, तुमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यात खराब काय आहे? अन् यमक पहिले द्या, विषय मागून येते. तीनच ओळी. चौथी तं सगळ्यायची ठरलेलीच आहे, म्हणून लाजणारं पोट्टंही तरून जाते.

वडसा_टू_नागपूर:
वरचं सगळं बरोबर, पण एक गोष्ट मला पटली नाही. स्वतः रचलं तरच खरं आणि बाहेरून आणलं की खोटं, असं नसतं.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळी झाली की नाटकांचा हंगाम लागतो, तो होळीपर्यंत. वडशाच्या कंपन्या गावोगाव जातात. रात्री सुरू झालेलं नाटक उजाडेपर्यंत चालतं. नट बाहेरचे, नाटक लिहिणारा बाहेरचा, पेटीवालाही बाहेरचा. गाव फक्त पाहतं. पण गावात नाटक आहे म्हटलं की लेकी माहेरी येतात, दुपारपासून घरोघरी पाहुणे, कुणाच्या पोराला कुणाची पोरगी दाखवायची ते मंडपातच ठरतं. माझ्या मामाची सोयरीक अशीच जमली, आणि त्या रात्रीचं नाटक कोणतं होतं हे आमच्या घरात कुणालाही आठवत नाही.

त्यामुळे सूत्रसंचालन करणाऱ्या त्या मुलीवर राग नको, ती आपलं पोट भरते. तुमच्या स्कीममधला खरा घोळ असा की पावभाजी हातात पडली की लोक लिफ्टकडे वळतात. खुर्च्या लावू नका, सतरंज्या टाका. खुर्चीवरचा माणूस पटकन उठतो. सतरंजीवरून उठायचा चाळिशीनंतर कंटाळा येतो. हसू नका, आमच्याकडे पक्का अनुभव आहे.

इतवारीतला_पेंटर:
सेक्रेटरीले टोमण्याचं भेव वाटते म्हणे? त्याले तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी इकडे इतवारीत मारबतीच्या मिरवणुकीत घेऊन या, इडापिडा घेऊन जाणारे मोठे पुतळे निघतात ते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून निघून राहिली. तेव्हापासून हे शहर बडगे, म्हणजे टोमण्याचे पुतळे, करून करून भल्याभल्यायची काढून राहिलं. अन् त्याच संध्याकाळी तुमचा तान्हा पोळा! सकाळी "घेऊन जा गे मारबत" अन् संध्याकाळी गालबोट नको? असं कसं चालीन बाप्पा.

मी बडग्याचे चेहरे रंगवतो. नाक मोठं केलं की माणूस आपोआप ओळखू येते, नावाची पाटी लागत नाही. पण सांगायचं हे नाही. बडग्या कोणाचा करायचा यावरच पहिले आमच्यात भांडण होते. एक जण कामट्या चिरत असते, एक तणस भरत असते, एक खळ शिजवत असते अन् तोंडं सगळ्यायची चालू. याच्या पक्षाचा बडग्या केला तं तो कामट्या टाकून निघते. शेवटी कितीक वर्ष महागाईवरच येऊन थांबलो, कारण महागाईच्या बाजूनं बोलणारा कोणीच नाही. तेच लोक एरवी गाडी कोणाच्या दारासमोर लावली यावरून तोंड पाहत नाहीत एकमेकाचं. बडग्याच्या दिवसात एका गंजातला चहा पेतात. मारबत झाली की आठ दिवसांत पुन्हा गाडीवरून सुरू. खोटं कायले बोलू. दारू पेऊन येणारेही असतात, डीजे पण घुसला आता.

तुमच्या पोट्ट्यायसाठी आमचा नियम घ्या. कामावर बोला, अंगावर नाही. जात, आजार, कोणाच्या घरातली बाई, याले हात लावायचा नाही. बाकी सेक्रेटरी सोडायचा नाही.

रायपूरवाली:
मी मराठी नाही, लग्न होऊन नागपूरला आली. लिहिण्यात चूक झाली तर समजून घ्या.

तुमच्या कमिटीने "निम्मी घरं मराठी नाहीत" म्हणून ठरवून टाकलं, त्या घरांना विचारलं का? आमच्या छत्तीसगडमध्येही पोळ्याच्याच अमावस्येला पोरा असतो. लाकडाचा नाही, मातीचा नांदिया बैल, खाली मातीचीच चाकं. मुलं गल्लीभर ओढतात, संध्याकाळपर्यंत एखादं चाक तुटतंच. मुलींना मातीचं जातं, चूल, लहान लहान भांडी. घरी ठेठरी-खुरमी होते. इथे आली तर सासूबाई लाकडी बैलाची पूजा करत होत्या. मी म्हटलं, अरे, हा तर आपलाच सण आहे. पण आमच्या बिल्डिंगमध्ये इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही, तुमच्याकडे काय करता. विचारलं असतं तर मी खुरमी केली असती सगळ्यांसाठी. मला आवडतं करायला, आणि घरात दोघंच खाणारे.

मुलांना हिंदीत बोलू द्या, तेलुगूत बोलू द्या. शेवटची ओळ सगळ्यांची एकच असली की झालं.

बेसा_रोडची:
सगळ्यांचे मनापासून आभार. रायपूरवाली ताई, तुमचं वाचून मी सरळ दारं वाजवत फिरले. तिसऱ्या माळ्यावर दुर्गचं कुटुंब निघालं. मी त्यांच्या आईंचे ब्लाउज शिवते आणि मला हे माहीत नव्हतं! त्या मातीचे बैल करून दाखवणार आहेत. माती कुठून आणायची ते विचारत होत्या, मी चितारओळीत मूर्तिकारांकडे चौकशी करते म्हटलं.

काल पहिली बैठक झाली. अर्धा तास कुणी तोंड उघडेना. मग नरखेडवाल्या भाऊंचा प्रश्न विचारला, बिल्डिंगमध्ये सगळ्यात खराब काय? एकदम दहा हात वर. लिफ्ट, लिफ्ट, लिफ्ट. मी "झोपले" हे यमक दिलं आणि हे तयार झालं:

लिफ्ट पडली बंद, सेक्रेटरी झोपले,
पाचव्या माळ्यावर आजीचे पाय सुजले,
मेंटेनन्सचे पैसे कोणी बरं गिळले?

पोरं खिदळत होती आणि दारात सेक्रेटरी भाऊ उभे. कधी आले कुणाला कळलं नाही. मला वाटलं, संपलं. ते आत आले, बसले (सतरंजीवर!) आणि म्हणाले, मी झोपलो नाही, मी रोज फोन करतो, देखभालवाले माणूसच पाठवत नाहीत. मोबाइल काढून केलेले कॉल पोरांना दाखवले. एक पोरगी फार चिकित्सक आहे, तिने ते खरोखर तपासले. मग म्हणाली, अंकल, मग खरं लिहू या. दुसरी झाली:

लिफ्ट पडली बंद, फोन लावा कुणाला?
माणूस म्हणे येतो, येतो उन्हाळ्याला,
आजी बसल्या खाली, डबा धाडा जेवणाला!

मला विचाराल तर पहिलीच जास्त झणझणीत होती. पोरांचंही तेच मत. सेक्रेटरी भाऊ म्हणाले, दोन्ही म्हणा, पण दुसरी नंतर म्हणा. आणि पाचव्या माळ्यावरच्या आजी, ज्यांच्यावर हे सगळं चाललंय, त्यांनी निरोप पाठवलाय की पाय सुजले नाहीत, गुडघा दुखतो, दुरुस्ती करा. आता "गुडघा" या शब्दाला यमक कुणाकडे असेल तर द्या.

एक अडचण राहिली. साउंडवाल्याला कमिटीने ॲडव्हान्स देऊन ठेवलाय. परत मिळेल का?

धरमपेठ_ते_धंतोली:
ॲडव्हान्स विसरा. त्याच्याकडून एक माइक तेवढा घ्या, गाणी नको म्हणून सांगा. यमक: उघडा.

नरखेड_पॅसेंजर:
माइकही नका घेऊ. माइक एकाच्या हातात जाते अन् बाकीचे नुसते ऐकत बसतात. ओरडू द्या पोट्ट्यायले. पाणी आलं तं पार्किंगमध्ये घ्या, तिथं आवाज अजून घुमते. अन् दुर्गच्या ताईले सांगा, चाकाची माती जरा जाड ठेवा.