पेरूच्या अ‍ॅमेझॉनमध्ये मिशन ट्रिप: कोल्हापुरातून जाणाऱ्यांनी तयारी कशी करावी?

सचिव_तरुणसंघ

प्रभूत सलाम. आमच्या मंडळीतले आठ जण पुढच्या वर्षी पेरूला जायचं म्हणतोय. तिथल्या इक्विटोस शहरातल्या एका मंडळीनं बोलावलंय. मारान्योन नदीवरची कुकामा लोकांची तीन गावं, मुक्काम दहा दिवस. गावांत चर्च आधीपासून आहे, म्हणजे आपण पाहुणे. उपासना, मुलांची व्हीबीएस (सुट्टीतली बायबल शाळा), एक दिवस मोफत दवाखाना आणि पिण्याच्या पाण्याची काहीतरी कायमची सोय, असा बेत आहे. सेशनमधले (मंडळीच्या कारभारी समितीतले) वडील विचारतात: महिना कुठला, लसी कुठल्या, पाण्याचं नक्की काय करणार, पैसे कसे नेणार? नेटवर जे सापडतं ते सगळं अमेरिकेतून निघणाऱ्यांसाठी लिहिलेलं. इथून जाणाऱ्याला लागू पडेल असं सांगा.

नदीवाट

आधी महिना, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. आपण राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका मोजतो. तिथं नदी दरवर्षी आठ-दहा मीटर चढते-उतरते आणि त्याला कोणी पूर म्हणत नाही. घरं खांबांवरच असतात. मार्च ते मे पाणी भरपूर, होडी दाराला लागते, पण डासही भरपूर. ऑगस्ट ते ऑक्टोबर ओढे आटतात, होडी मुख्य नदीत सोडून सामान डोक्यावर घेऊन गुडघाभर चिखल तुडवावा लागतो. जूनचा शेवट ते जुलै हा त्यातल्या त्यात बरा काळ.

इक्विटोसला बाहेरून रस्ता नाही, लिमाहून विमानानंच जायचं. मात्र इक्विटोस ते नाउता हा शंभरेक किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे. मारान्योनला जायचं तर नाउतापर्यंत गाडीनं जा आणि होडी तिथून धरा, पाण्यातला बराच वेळ वाचतो. गावात शिरायला लांब दांड्याच्या इंजिनाची ‘पेके-पेके’ मिळते. ती तासाला आठ-दहा किलोमीटरच काढते. नावाड्याकडे जादा पंखा, प्लग आणि परतीचं पेट्रोल आहे का, हे निघण्याआधी डोळ्यांनी बघा. अंधार पडल्यावर प्रवास नको: पाण्यात अर्धे बुडालेले ओंडके वाहत येतात, पंखा त्यांवर आदळला की दांडा वाकतो.

आता पाणी. बोअर मारायच्या भानगडीत पडू नका, यंत्र गावापर्यंत पोचवणंच परवडणार नाही. पाऊस साठवा. गगनबावड्यात वर्षाचा पाऊस चार महिन्यांत कोसळतो, तिथं तो वर्षभर थोडाथोडा पडतो, त्यामुळे लहान टाकीही भागवते. हिशेब सोपा: ४० चौरस मीटर पत्र्यावर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे ४०० लिटर, उडालेलं-सांडलेलं वजा जाता ३२० धरा. छप्पर पत्र्याचंच हवं, म्हणजे बहुधा शाळेचं किंवा चर्चचं. पानांच्या छपराचं पाणी तपकिरी येतं आणि त्यात कचरा असतो. पन्हळीला मीटरला एक सेंटिमीटर उतार द्या. पहिला मिलिमीटरभर पाऊस, म्हणजे इथं ४० लिटर, वेगळ्या उभ्या पाइपात किंवा पिंपात वळवून सोडून द्या. पत्र्यावरची विष्ठा आणि धूळ त्यात जाते.

टाकी बसवताना दोन चुका हमखास होतात. पहिली, ती घराच्या लाकडी जोत्यावर ठेवतात. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, खांब खचतात. चौथरा वेगळा बांधा आणि त्याची उंची गेल्या वर्षी पाणी कुठवर आलं होतं ते गावकऱ्यांना विचारून ठरवा. दुसरी, वरच्या तोंडाला आणि ओव्हरफ्लोला बारीक जाळी लावत नाहीत. दोन आठवड्यांत टाकीत डेंग्यूचे डास वाढू लागतात आणि आपण गावाला पाण्याबरोबर आजार देऊन येतो.

वाटेत नदीचं पाणी प्यायची वेळ आली तर तुरटी न्या. गढूळ पाण्यात थेट क्लोरीनची गोळी टाकली तर मातीच क्लोरीन खाऊन टाकते आणि जंतू गाळाच्या कणांआड सुखरूप राहतात. वीस लिटरला अर्धा ते एक ग्रॅम तुरटीची पूड घाला, मिनिटभर जोरात, मग पाच मिनिटं हळू ढवळा, गाळ बसू द्या. वरचं पाणी सुती कापडातून गाळा आणि मग गोळी (६७ मिलिग्रॅमची एक गोळी वीस लिटर स्वच्छ पाण्याला), अर्धा तास थांबा. हे मारान्योनसारख्या मातकट नदीला चालतं. काळ्या चहासारखं पाणी असलेल्या उपनद्यांत तुरटीनं गाळ धरत नाही, कारण त्या पाण्यात क्षारच नसतात. तिथं सरळ उकळायचं.

औषधवही

पिवळ्या तापाची लस सगळ्यात आधी. पेरू काय मागतो हा पुढचा प्रश्न. परत येताना भारतच मागतो. लस घेतल्यावर प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, एकदाचं आजन्म चालतं. ते नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरण, सहा दिवसांपर्यंत. ही लस गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारनं नेमलेल्या केंद्रातच. मुंबईत सहारच्या विमानतळ आरोग्य कार्यालयात मिळते. आधी वेळ घ्या, रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जाऊन दुसऱ्या रात्री परत, असं बसवता येतं. साठीच्या पुढचे आणि अंड्याची अ‍ॅलर्जी असलेले यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये. सेशनमधले वडील जाणार असतील तर त्यांना हे आधीच सांगा.

मलेरियासाठी लसीवर विसंबू नका, गोळ्याच घ्यायच्या. डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम रोज, जंगलात शिरायच्या एक-दोन दिवस आधीपासून ते बाहेर पडल्यावर पुरे चार आठवडे. घरी आल्यावर लोक चार आठवडे विसरतात आणि तिथंच फसतात. जेवणाबरोबर, भरपूर पाण्यानं, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, दुधाबरोबर नको. त्यानं ऊन बाधतं, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालची मुलं यांना हे औषध नको. लोरेतोमध्ये (इक्विटोस ज्या प्रांतात आहे तो) बहुतेक मलेरिया व्हायवॅक्स जातीचा. तो यकृतात दबा धरून बसतो आणि गोळ्या पूर्ण करूनही काही महिन्यांनी उठू शकतो. वर्षभरात कधीही ताप आला तर इथल्या डॉक्टरांना ‘अ‍ॅमेझॉनला गेलो होतो’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

रेबीजची लसही घ्या, म्हणजे चावण्याआधीच घ्यायचे डोस. तिथं रक्तपिपासू वटवाघळं झोपेत चावतात आणि माणसाला जाग येत नाही. मच्छरदाणी गादीखाली खोचलेली हवी, नुसती लोंबती नको.

साप: हाफकिनचं प्रतिविष घेऊन जाऊ नका. ते आपल्या नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्यासाठी. तिथल्या बोथ्रॉप्स जातीच्या विषारी सापांवर त्याचा काडीचा उपयोग नाही. तिथलं प्रतिविष पेरूच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं असतं. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात ते आहे का, तिथवर होडीनं किती तास, हे यजमानांकडून लेखी घ्या. गुडघ्यापर्यंतचे गमबूट इक्विटोसच्या बाजारात मिळतात. चावल्यास दोरी बांधू नका, कापू नका, अ‍ॅस्पिरिन-आयबुप्रोफेन देऊ नका, रक्त न गोठण्याचं विष आहे ते.

आणि एक कडक नियम करा: ज्याला सर्दी-खोकला-ताप आहे तो इक्विटोसला थांबेल. गटनायक असला तरी. दक्षिण-पूर्व पेरूतल्या नाहुआ लोकांचा १९८४ मध्ये लाकूडतोड्यांशी संपर्क आला, पुढच्या काही वर्षांत श्वसनाच्या आजारांनी सुमारे निम्मी माणसं गेली. कुकामा काही अलिप्त नाहीत, त्यांचा बाजाराशी रोजचा संबंध. पण दूरच्या गावात लहान मुलांना औषध मिळायला दोन दिवस लागतात. आणि नावाडी कितीही म्हणाला ‘पुढं अजून आत एक टोळी आहे, दाखवतो’, तरी तिकडे वळायचं नाही. अलिप्त लोकांच्या संरक्षणासाठी पेरूत २००६ चा कायदा आहे (क्रमांक २८७३६).

सचिव_तरुणसंघ

फार उपयोगी. दवाखान्याबद्दल कोणी बोललंच नाही! मंडळीतले दोन डॉक्टर येणार आहेत, औषधांची खोकी गोळा होताहेत. आणि संपर्कासाठी सॅटेलाइट फोन मुंबईतून घ्यावा का?

औषधवही

खोकी थांबवा. दुसऱ्या देशात परवान्याशिवाय रुग्ण तपासणं म्हणजे तिथं बेकायदा व्यवसाय, औषधं आत नेण्यालाही तिथल्या खात्याची परवानगी लागते. शिवाय एका दिवसात शंभर जणांना गोळ्या वाटून निघून गेल्यावर अंगावर पुरळ उठलं तर बघणार कोण? तुमच्या डॉक्टरांनी सरकारी आरोग्यसेवकासोबत बसावं, तो म्हणेल ते करावं. जंताची मोहीम तोच ठरवेल. अल्बेंडाझोल तोच देईल आणि कोणाला दिलं हे त्याच्या वहीत राहील.

हिशेबनीस

सॅटेलाइट फोन इथून अजिबात नको भावा. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय तो भारतात बाळगताच येत नाही. खिशात मावणारे सॅटेलाइट मेसेंजरही त्यातच आले. असे यंत्र सामानात सापडल्यावर विमानतळावर अटक झालेले परदेशी पर्यटक आहेत. लिमाला भाड्यानं घ्या, लिमालाच परत करा.

पैशाचं: मंडळीच्या ट्रस्टच्या खात्यातून तिकडे खर्च करायचा विचार असेल तर आधी सीएला गाठा. धर्मादाय संस्थेनं भारताबाहेर केलेला खर्च आयकराच्या सवलतीत सहसा धरला जात नाही, त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. सरळ रस्ता म्हणजे जाणाऱ्या प्रत्येकानं आपापल्या नावानं, रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेतून (व्यक्तीनं परदेशी पैसे नेण्या-पाठवण्याची सोय, वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा, म्हणजे आपल्याला डोळे झाकून पुरते) पैसे न्यावेत. एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) बाहेरून आत येणाऱ्या पैशाला लागतो, तो इथं मध्ये येत नाही. आणि व्हिसाला दिल्लीच्या पेरू दूतावासाला उपासना आणि मुलांच्या शाळेबद्दल स्पष्ट लिहून विचारा. ‘पर्यटन’ लिहून जाऊ नका.

नदीवाट

राहिलं एक. नळ, सॉकेट, पाइप इथून नेऊ नका, शिवाजी पेठेतल्या दुकानात कितीही स्वस्त मिळाले तरी. तिथल्या आट्यांशी जुळतील याची खात्री नाही. नळ गळायला लागला की गावकरी तो बदलू शकला पाहिजे. टाकी, पन्हळ, जाळी, नळ सगळं इक्विटोसला घ्या आणि प्रत्येक नळाचा एक जादा शाळेच्या कपाटात ठेवून या. प्रवचनाचं म्हणाल तर मराठीतून इंग्रजी, इंग्रजीतून स्पॅनिश असे दोन दुभाषे लागणार, वीस मिनिटांचा तास होतो. पाच मिनिटांचं लिहून काढा आणि इक्विटोसच्या पाळकसाहेबांना आठवडाभर आधी पाठवा.