साताऱ्यात शाळा सगळ्यांची कुणी केली? सरकारनं की बोर्डिंगनं?

कृष्णाकाठ :
7 नोव्हेंबरला, विद्यार्थी दिनाला, एक वाक्य हमखास ऐकू येतं : इंग्रज आले म्हणून शाळा सगळ्यांना खुल्या झाल्या. 1900 साली याच तारखेला भिवा रामजी आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात (आजचं प्रतापसिंह हायस्कूल) लागलं, हे खरं. पण साताऱ्यात शिकताना बसायचं तरट त्यांना घरून न्यावं लागे, आणि शिपाई नळ सोडेल तेव्हाच पाणी. याला खुलं म्हणायचं? सरकारनं पटावर नाव घेतलं. गरिबाचं पोर शाळेत टिकलं ते भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगमुळे, जिथं सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवली.

जुनादप्तरी :
पटावरचं नाव एवढं क्षुल्लक? 1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेनं एका महार मुलाला प्रवेश नाकारला. अर्ज थेट मुंबई सरकारकडे गेला, तरी नकारच. दोन वर्षांनी सरकारनं जाहीर केलं की निव्वळ सरकारी खर्चाच्या शाळा सर्व जातींना खुल्या. भांडायला आधी कागद लागतो. भाऊरावांची रयत शिक्षण संस्था 1919 ची, साताऱ्यात आली 1924 ला. मधली साठेक वर्षं कुणाच्या खात्यावर टाकायची?

कृष्णाकाठ :
'निव्वळ सरकारी खर्चाच्या' असं तुम्हीच लिहिलंत, मेख तिथंच आहे. अनुदानावरच्या शाळांना ती सक्ती नव्हती. आणि सरकारी खर्च म्हणजे पैसा कुणाचा? जोतीरावांनी (मूळ गाव कटगुण, आपल्याच खटाव तालुक्यातलं, पुणेकर हे विसरतात) 1882 ला सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे हेच मांडलं : सारा भरतो शेतकरी, पैसा जातो वरच्या वर्गांच्या शिक्षणाकडे. निदान 12 वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी. गोखल्यांनी 1911 ला सक्तीचं विधेयक आणलं, तेही पुढच्या वर्षी पाडलंच.

माणदेशी :
बोर्डिंगचे गोडवे पुरे. वकिलाच्या पोरानं नुसतं शिकायचं, आणि कुणब्याच्या पोरानं आधी शेतात राबायचं, मग पुस्तक उघडायचं. 'कमवा आणि शिका' ही गरिबावरची जादा पट्टी होती.

कृष्णाकाठ :
आणि पर्याय काय होता? मूठमूठ धान्य गोळा करून चूल पेटायची. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. घरी बसण्यापेक्षा राबून शिकलेलं बरं, असं त्या पोरांना वाटलं असेल तर आपण नाकं का मुरडायची?

खंडाळ्याची :
या सगळ्यात मुलगी कुठं आहे? नायगाव आमच्या तालुक्यातलं. सावित्रीबाई तिथं 1831 ला जन्मल्या आणि शिकल्या लग्नानंतर, पुण्याला. पुढं ज्या बोर्डिंगचं तुम्ही कौतुक करताय, तिथंही सुरुवातीला लक्ष्मीबाई रांधत होत्या, दागिने मोडत होत्या. शिकत होते मुलगे.

जुनादप्तरी :
मुद्दा रास्त, पण विषय सरकार की बोर्डिंग असा आहे. मुलींच्या शिक्षणासाठी वेगळा धागा काढा ना.

खंडाळ्याची :
वेगळाच काढा. तेव्हापासून तेच चाललंय.