शिमला: सोबत ज्येष्ठ नागरिक, टॉय ट्रेन आणि "मॉल रोडजवळचं" हॉटेल

अंजू_ठाणे:
ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात चार रात्री फक्त शिमला करायचं आहे. मनाली वगैरे जोडायचं नाही. आम्ही दोघं, सात वर्षांचा मुलगा, आई आणि बाबा. बाबा ठणठणीत आहेत. आई सपाटीवर तासभर सहज चालते, पण जिने चढताना गुडघे बोलायला लागतात. मुंबई-चंदीगड विमानाची तिकिटं झाली आहेत, दुपारी एकच्या सुमारास उतरू. पुढे टॉय ट्रेन की टॅक्सी? "मॉल रोडपासून ३०० मीटर" असं लिहिलेली तीन हॉटेलं निवडून ठेवली आहेत, त्यांतलं कुठलंही चालेल ना? आणि गावात फिरायला रिक्षा मिळतात का?

पायऱ्या_मोजा:
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. शिमल्यात ऑटोरिक्षा नाहीत. मॉल (मुख्य बाजाररस्ता) आणि रिजवर (त्याच्या वरचं मोकळं पटांगण) खाजगी गाड्यांना बंदी आहे. म्हणजे तुमची टॅक्सी कार्ट रोडवर थांबणार आणि तिथून पुढे पाय किंवा लिफ्ट.

हे गाव नकाशावर बघू नका, इमारतीसारखं बघा. तळमजला म्हणजे कार्ट रोड (याच वर्तुळाला सर्क्युलर रोडही म्हणतात). बस, टॅक्सी, पार्किंग, रेल्वे स्टेशन सगळं या पातळीवर. त्याच्या वर लोअर बाजार आणि मिडल बाजार, ते जिन्यांनी जोडलेले. त्यावर मॉल, आणि मॉलच्याही डोक्यावर रिज. स्टेशन २,०७५ मीटरवर आहे आणि रिज साधारण २,२०० मीटरवर. हा सव्वाशे मीटरचा फरक म्हणजे ठाण्यातल्या चाळीस मजली टॉवरचा जिना. हवासुद्धा विरळ असते, रिज कळसूबाईच्या माथ्यापेक्षा साडेपाचशे मीटर उंच आहे. उंचीचा त्रास सहसा होत नाही, पण पहिल्या दिवशी चढावर धाप सगळ्यांनाच लागते.

आता "३०० मीटर". नकाशातलं हे अंतर आडवं असतं. हॉटेल मॉलच्या खाली असेल तर त्या ३०० मीटरांत दोनशे पायऱ्या असू शकतात. हॉटेलला फोन करून हे विचारा: गाडी दारापर्यंत येते का? येत नसेल तर गाडी जिथे सोडते तिथून दारापर्यंत पायऱ्या किती, आणि त्या चढायच्या की उतरायच्या? रिसेप्शन कितव्या मजल्यावर आहे आणि आतली लिफ्ट चालू आहे का? तिसरा प्रश्न विचित्र वाटेल, पण इथे बऱ्याच इमारतींत रस्त्यावरून थेट वरच्या मजल्यावर शिरतात आणि खोल्या खाली दरीकडे उतरत जातात. खोली "ग्राउंड फ्लोअर"ला मिळाली म्हणून खूश व्हाल आणि आईंना रोज चार मजले चढून बाहेर यावं लागेल.

आईंसाठी दोनच जागा योग्य. एक, थेट मॉलच्या पातळीवरचं हॉटेल. महाग पडेल, पण मग रोजचं चालणं जवळपास सपाट. दोन, कार्ट रोडवर सार्वजनिक लिफ्टजवळचं हॉटेल. मधल्या बाजारातलं स्वस्त हॉटेल नको, तिथून वर जायलाही जिना आणि खाली यायलाही जिना.

नॅरोगेज_७६२:
दुपारी एकला चंदीगडला उतरून त्याच दिवशी टॉय ट्रेन जमणार नाही, हे आधी मनात पक्कं करा. टॉय ट्रेन काल्क्याहून सुटते, आणि तिथून वर जाणाऱ्या गाड्या पहाटेपासून दुपारी बाराच्या सुमारापर्यंतच्या. दिल्लीहून सकाळी ७.४० ची काल्का शताब्दी दुपारच्या आत काल्क्याला पोचते आणि तिला जोडून हिमालयन क्वीन ही टॉय ट्रेन सुटते. विमानाने येणाऱ्यांना ही जोडणी उपयोगाची नाही. पहाटेची गाडी हवी असेल तर आदली रात्र पंचकुला किंवा काल्क्यात काढावी लागेल.

गाडीबद्दल थोडं. ही लाइन १९०३ ची, रुळांची रुंदी ७६२ मिलिमीटर, लांबी सुमारे ९६ किलोमीटर, बोगदे १०२, आणि २००८ पासून जागतिक वारसा यादीत. वेळ पाच ते साडेपाच तास. वाटेत बडोग स्टेशनला गाडी दहा मिनिटं थांबते. शेजारीच ३३ नंबरचा बोगदा आहे, १,१४३ मीटर, सगळ्यांत लांब. चहा-कटलेट आणि स्वच्छतागृह दोन्ही इथेच उरकून घ्या. गर्दी स्टॉलकडे धावते, म्हणून घरातल्या एकाने स्टॉल आणि बाकीच्यांनी स्वच्छतागृहाची रांग अशी वाटणी करा.

काय बिघडतं ते सांगतो. डबे अरुंद, सीटखाली जागा बेताची. चाकांच्या मोठ्या बॅगा दोनपेक्षा जास्त असतील तर त्या दारापाशी अडकतात आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांना अडखळतो. "दरीची बाजू कुठली" हा वाद निरर्थक आहे, दरी सारखी बाजू बदलते, फक्त खिडकी मिळवा. शताब्दीची जोडणी घेणारे इतर कुणी वाचत असतील तर दोन्ही पीएनआर आयआरसीटीसीवर एकमेकांशी जोडून घ्या. पहिल्या गाडीला उशीर होऊन दुसरी चुकली तर परताव्याचा हक्क त्याने राहतो. बहुतेकदा काल्क्याला थोडी वाट बघतात, पण त्या भरवशावर राहू नका.

तुमच्यासाठी माझं मत: जाताना टॅक्सी, येताना ट्रेन. मात्र ट्रेनने उतरलेल्या दिवशीच विमान ठेवू नका. सिंगल लाइन आहे, क्रॉसिंगला थांबून राहण्यातच तास जातो. चंदीगडला एक रात्र काढा.

घाटातली_एसटी:
वरच्या मताशी अर्धाच सहमत. साडेपाच तास ताठ पाठीच्या सीटवर गुडघे दुमडून बसणं हे दुखऱ्या गुडघ्यांना जिन्यांइतकंच वाईट. त्यापेक्षा मधल्या एखाद्या दिवशी शिमल्याहून सकाळच्या गाडीने फक्त वाटेतल्या सोलनपर्यंत जा आणि टॅक्सीने परत या. कनोहचा चार मजली कमानींचा दगडी पूल याच टप्प्यात येतो, आणि सात वर्षांच्या पोराचा उत्साहसुद्धा अडीच तासांनी संपतोच. बडोगचा बोगदा तेवढा राहील.

चंदीगड ते शिमला रस्त्याने साधारण ११५ किलोमीटर, साडेतीन ते चार तास. परवाणूपासून सोलनपर्यंत चौपदरी रस्ता झाला आहे, पण डोंगर कापल्यामुळे पावसाळ्यात दरडी येतात. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस मागे सरलेला असतो आणि सफरचंदांच्या ट्रकांची मुख्य धावपळही ओसरलेली. महिना चांगला निवडलात. एकच बघा, दसऱ्याला जोडून शनिवार-रविवार येत असेल तर शिमल्याच्या अलीकडचे शेवटचे दहा किलोमीटर तास खातात.

टॅक्सी ठरवताना "शिमला" एवढंच बोलू नका. "कार्ट रोडवर लिफ्टपर्यंत" असं म्हणा आणि भाड्यात टोल व पार्किंग धरलं आहे का ते विचारा. नाहीतर चालक गावाबाहेर टुटीकंडीच्या बायपासवर गाडी थांबवून "आगे जाम है" म्हणतो. पाच माणसं आणि बॅगा म्हणजे सेडान पुरणार नाही, मोठी गाडी घ्या. छतावर कॅरिअर आहे का ते फोटोत बघून घ्या.

बस हवी असेल तर विमानतळावरून सेक्टर ४३ च्या बसस्टँडला जा, हिमाचलच्या गाड्या तिथून सुटतात. एचआरटीसीची (हिमाचलची सरकारी बससेवा) साधी बस स्वस्त आणि वारंवार, पण वळणांवर मुलाला उलटी होण्याची तयारी ठेवा. गोळी बसमध्ये चढण्याआधी अर्धा तास, पोट अर्धं भरलेलं, आणि पुढच्या रांगेतली सीट. लांबच्या बस टुटीकंडीच्या आयएसबीटीला (आंतरराज्य बसस्टँड) सोडतात. तो गावापासून पाचेक किलोमीटरवर आहे. तिथून जुन्या बसस्टँडला लोकल बस मिळते, पण बॅगा घेऊन तो उद्योग नको, टॅक्सी करा.

अंजू_ठाणे:
बापरे, बरं झालं विचारलं. तीनपैकी दोन हॉटेलांना फोन केला. एकाने "बस थोडी सी सीढ़ियां हैं" म्हटलं, आकडा सांगेचना! ते बाद. आता लिफ्ट नेमकी कुठे आणि कशी? आणि जाखू, व्हाइसरॉयचा वाडा, कुफरी यांतलं आईला काय झेपेल?

पायऱ्या_मोजा:
आकडा न सांगणारा बाद, हे उत्तम.

लिफ्ट कार्ट रोडवर, जुन्या बसस्टँडपासून साधारण किलोमीटरभर पूर्वेला. टॅक्सीवाल्याला नुसतं "लिफ्ट" म्हटलं तरी कळतं. ती दोन टप्प्यांची आहे: पहिली लिफ्ट वर नेते, मग एका पुलासारख्या बंद मार्गातून थोडं चालायचं, मग दुसरी लिफ्ट मॉलवर सोडते. तिकीट नाममात्र. शनिवार-रविवार संध्याकाळी रांग लागते आणि रात्री लिफ्ट बंद होते. त्या दिवशीची शेवटची वेळ खिडकीवर विचारूनच वर जा. जेवण लांबलं आणि लिफ्ट बंद झाली तर खाली उतरायला अंधारातला जिना उरतो, आणि गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणंच जड जातं.

सामानासाठी हमाल मिळतात. बहुतेक जण काश्मिरी, गावात त्यांना "खान" म्हणतात. दोन मोठ्या बॅगा पाठीवर दोरीने बांधून ते पायऱ्या अशा चढतात की आपल्याला मोकळ्या हाताने लाज वाटावी. पैसे आधी ठरवा, नगावर की खेपेवर ते स्पष्ट करा. हॉटेलचं नाव ठामपणे सांगा, कारण "वो तो फुल है, दूसरा दिखाता हूं" हे कमिशनचं वाक्य आहे.

गावात बंदीच्या रस्त्यांवरही एचआरटीसीच्या छोट्या टॅक्स्या ठरलेल्या मार्गांवर धावतात, "राइड विथ प्राइड" नावाने. त्या खास ज्येष्ठ आणि आजारी लोकांसाठीच सुरू झाल्या. थांबे स्थानिक दुकानदाराला विचारा, पाटी शोधत बसू नका.

जाखू: मंदिर २,४५५ मीटरवर, रिजवरच्या ख्राइस्ट चर्चपासून सव्वा किलोमीटर खडा चढ. आईंना पायी नको, रोपवे आहे. बाबा आणि मुलगा चालत जाऊ शकतात, सकाळी आठच्या आत. माकडांबद्दल गंमत समजू नका. ती सर्वांत आधी चष्मा काढून घेतात आणि प्रसाद मिळेपर्यंत परत देत नाहीत. चष्मा खिशात, मोबाइल खिशात, प्लास्टिकची पिशवी हातात नको. चष्म्याशिवाय दिसत नसेल तर मागे दोरी बांधा. खाली भाड्याने काठी मिळते, ती घ्या. मारायची नाही, नुसती हातात दिसली तरी पुरते.

व्हाइसरीगल लॉज (आता भारतीय उच्च अध्ययन संस्था): हे आईंना झेपेल आणि आवडेलही. १८८८ ची इमारत, १९४५ ची शिमला परिषद इथेच झाली. आत तिकीट काढून गटागटाने मार्गदर्शकासोबत सोडतात, म्हणून सकाळी आधी तिकीट आणि मग बाग. सोमवारी बंद. लोकल बस बालूगंजपर्यंत जाते, पण पुढे चढ आहे, टॅक्सीच करा.

नॅरोगेज_७६२:
सोलनची कल्पना चांगली आहे, मानलं. पण मधल्या स्टेशनांपर्यंतचं आरक्षण नेहमी मिळत नाही. मिळालं नाही तर सरळ काल्क्यापर्यंतचं तिकीट काढून सोलनला उतरा. अनारक्षित डब्यात आईंना बसवू नका. आणि टॅक्सी सोलन स्टेशनबाहेर आधीच बोलावून ठेवा.

घाटातली_एसटी:
कुफरीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. टॅक्सीवाला "कुफरी, फागू, नालदेहरा" असं पॅकेज गळ्यात मारेल. कुफरीला बर्फ डिसेंबर-अखेरनंतर. ऑक्टोबरमध्ये तिथे उरतात घोडे, धूळ आणि लीद. गाडी एका जागी थांबते, पुढच्या पॉइंटला घोड्यावरून, आणि घोड्याचे पैसे पॅकेजमध्ये नसतात. खडकाळ वाटेवर घोड्याची पाठ आणि दुखरे गुडघे हे समीकरण नको.

त्याऐवजी त्याच बाजूला छराबड्याचं राष्ट्रपती निवास बघा, २०२३ पासून लोकांसाठी खुलं आहे. सोमवारी बंद, नोंदणी ऑनलाइन आधीच करा. तिथून मशोब्रा जवळ. देवदारांतला रस्ता बराचसा सपाट, गर्दी कमी. अर्ध्या दिवसासाठी टॅक्सी पुरे. निघताना सकाळी नऊच्या आधी निघा, कारण ढल्ली-संजौलीकडचा रस्ता अरुंद आहे आणि दुपारनंतर परतताना तुंबतो.

मुक्कामात सोमवार येत असेल तर तो दिवस सोलनच्या रेल्वेला द्या, व्हाइसरीगल लॉज आणि राष्ट्रपती निवास दोन्ही त्या दिवशी बंदच असतात.

पायऱ्या_मोजा:
आणि संध्याकाळ मोकळी ठेवा. स्कँडल पॉइंटपासून चर्चपर्यंत रिजवर सपाट चालणं, मध्ये बाकं. ज्या फरसबंदीवर चालाल तिच्या पोटात गावाच्या पाण्याची ब्रिटिशकालीन टाकी आहे. सूर्य मावळला की थर्मामीटर धाडकन उतरतो, तेव्हा आईंची शाल हॉटेलात नाही, हातातल्या पिशवीत हवी. परत यायला लिफ्ट, वेळेच्या आत.